गोष्ट संपण्याआधी मालिका संपते

मराठी विज्ञानकथेला साहित्यात मान मिळाला, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. जानेवारी २०२० मध्ये धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतरच्या नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद जयंत नारळीकरांकडे आले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवणाऱ्या लेखकाचा हा सन्मान होता. लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर यांनी विज्ञानकथेला वाचकही मिळवून दिला. पण हीच कथा दूरचित्रवाणीच्या दारात अडते. कौटुंबिक, पौराणिक, ऐतिहासिक, भुताखेतांच्या मालिकांची नावे मराठी माणूस झोपेतही सांगेल. घराघरात पोचलेली एखादी मराठी विज्ञानकथा मालिका सांगा म्हटले तर तो गप्प होईल. परदेशात अशा मालिका सुरू होतात आणि अर्ध्यावर गुंडाळल्या जातात, आपल्याकडे त्या कागदावरच राहतात. माझ्या मते दोन्हींचे कारण एकच आहे: ज्या मापाने आणि ज्या मुदतीत मालिकेचे यश ठरवले जाते, ते माप आणि ती मुदत या कथाप्रकाराला मुळातच लागू पडत नाही.

‘स्टार ट्रेक’ १९६६ साली अमेरिकेत सुरू झाली आणि ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली. दुसऱ्या हंगामानंतरच तिच्यावर गदा येणार अशी चिन्हे होती. प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडल्यामुळे तिसरा हंगाम पदरात पडला. तिची खरी लोकप्रियता वाढली ती त्यानंतर, स्थानिक वाहिन्यांवरच्या पुनःप्रक्षेपणातून. प्रेक्षक होताच, फक्त तो वाहिनीने ठरवलेल्या वेळेत जमला नाही. २००२ साली ‘फायरफ्लाय’चे १४ भाग तयार होते, वाहिनीने ते क्रम मोडून दाखवले, ११ दाखवून झाल्यावर मालिका थांबवली आणि कथेची ओळख करून देणारा पहिला भाग त्यांत अगदी शेवटी लावला. तिच्या चाहत्यांच्या आग्रहातूनच २००५ मध्ये त्या कथेवर चित्रपट निघाला. ज्यांना अपयशी ठरवून बंद केले, त्याच मालिका पुढे टिकल्या. तेव्हा चुकला तो प्रेक्षक नव्हे, मोजणारा.

हा फटका विज्ञानकथेलाच जास्त का बसतो, याचे उत्तर तिच्या रचनेत आहे. कौटुंबिक मालिकेत सासू, सून, वाडा, देवघर हे सारे प्रेक्षकाच्या ओळखीचे असते, त्यामुळे पहिल्याच भागात भांडण लावता येते. विज्ञानकथेला आधी आपले जग उभे करावे लागते: इथे काय शक्य आहे, काय नाही, सत्ता कोणाची, किंमत कोण मोजतो. त्याला चार-सहा भाग जातात आणि टीआरपीचे आकडे तर दर आठवड्याला येतात. दुसरी अडचण याहून मोठी आहे. दैनंदिन मालिका चालू असतानाच लिहिली जाते. आकडा घसरला की ट्रॅक बदलतो, मेलेले पात्र परत येते, लग्न मोडते, आणि प्रेक्षक ते चालवून घेतो. विज्ञानकथेने आपलाच नियम मोडला की तिच्यावरचा विश्वास उडतो. म्हणजे ती आकड्यांप्रमाणे वाकवताही येत नाही आणि हवी तितकी ताणताही येत नाही. हजार भागांची हमी मागणाऱ्या बाजारात अशी कथा निर्मात्याला धोक्याचीच वाटणार.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येतो. अंतराळयाने आणि यंत्रमानव मराठी बजेटमध्ये बसत नाहीत, असे म्हटले जाते. पण ‘स्पेस सिटी सिग्मा’ आणि १९८९ ची ‘इंद्रधनुष’ या हिंदी मालिका दूरदर्शनने तुटपुंज्या साधनांतच दाखवल्या, आणि १९९८ मध्ये केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’ही आली. ब्रिटनमध्ये बीबीसीने ‘डॉक्टर हू’ साध्यासुध्या नेपथ्यावर १९६३ पासून १९८९ पर्यंत चालवली आणि २००५ मध्ये पुन्हा सुरू केली. शिवाय आज पौराणिक मालिकांत देव प्रकटतात, अस्त्रे आकाशात भिडतात. त्या संगणकीय दृश्यांना पैसा मिळतोच. मराठी विज्ञानकथेची मोठी परंपरा तर एखादा शोध आणि त्यामुळे उभा राहिलेला माणसांचा पेच यावर चालते. त्यासाठी लागते ती घट्ट पटकथा आणि चांगले नट, आणि मराठी रंगभूमीमुळे नटांची वाण आपल्याकडे नाही.

दुसरा आक्षेप प्रेक्षकाचा. हा कथाप्रकार पुण्या-मुंबईच्या शिकलेल्यांचा आहे, मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी तो कोण पाहणार, असे विचारले जाते. मला हा आक्षेप सर्वांत दुबळा वाटतो. स्थिर समजल्या जाणाऱ्या दख्खनच्या भूमीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गाडली गेली. किल्लारी, सास्तूर या गावांच्या लोकांना जमिनीखाली काय चालते हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. २०१५ साली मराठवाड्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी पोचवावे लागले. पुढे सोलापुरात शास्त्रज्ञांनी विमानातून ढगांचा अभ्यास केला. ढग कोणाचा, एका तालुक्यावर पाडलेला पाऊस दुसऱ्याच्या वाट्याचा होता का, बोअरवेल किती खोल न्यायची याचा निर्णय उद्या यंत्राने घेतला तर दाद कोणाकडे मागायची? धाराशिव, भूम, परंडा, कळंबच्या शेतकऱ्याला यातले काहीही समजावून सांगावे लागणार नाही. शहरी प्रेक्षकाला जे भविष्य वाटते, त्याचा बराचसा भाग धाराशिव जिल्ह्याने आधीच भोगला आहे. आजवर इथल्या प्रेक्षकापुढे असे काही ठेवलेच नाही, तेव्हा ते त्याने नाकारले असे म्हणण्याचा अधिकार कोणाला पोचतो?

तिसरा आक्षेप असा की, ओटीटी आल्यावर हा प्रश्न सुटला. अनुभव उलटा आहे. ‘१८९९’ या मालिकेच्या कर्त्यांनी तीन हंगामांची आखणी केली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती आली आणि दोन महिन्यांच्या आत बंद झाल्याचे जाहीर झाले. हिंदीत २०१९ ची ‘लैला’ आणि २०२१ ची ‘ओके कॉम्प्युटर’ प्रत्येकी सहा भागांवर थांबल्या. माध्यम बदलले, घाई तीच राहिली. याउलट २०२० ची ‘जेएल ५०’ ही चारच भागांची मालिका आपली गोष्ट सांगून मोकळी झाली. तिच्याबद्दल कोणतेही मत असो, प्रेक्षकाला अधांतरी सोडल्याचा दोष तिच्या माथी येत नाही.

उपाय याच दिशेने आहे. विज्ञानकथा मालिका आठ, दहा किंवा तेरा भागांची, शेवट आधीच लिहिलेली आणि पूर्ण चित्रित झाल्यावरच दाखवायची. मराठी प्रेक्षकाला हे नवे नाही. दूरदर्शनच्या काळात तेरा भागांच्या मालिका त्याने आवडीने पाहिल्या आहेत, आणि २०१७ मध्ये ‘रुद्रम’सारखी थरारमालिका काही महिन्यांत संपली म्हणून कोणी तिला अपुरी म्हटले नाही. पुढाकार सह्याद्री वाहिनीने घ्यावा, कारण सार्वजनिक वाहिनीला दर आठवड्याच्या आकड्यावर जगावे लागत नाही. खासगी वाहिन्यांनीही वर्षाकाठी एक तरी स्लॉट अशा मालिकेला द्यावा. कथा तयार आहेत, आणि दरवर्षीच्या दिवाळी अंकांतून नव्या येत आहेत. मात्र मालिका सुरू करतानाच वाहिनीने एक बांधिलकी स्वीकारली पाहिजे: पहिला भाग दाखवला की शेवटचाही दाखवायचा, मधला आकडा काहीही सांगो. टीआरपीने जाहिरातीचा दर ठरवावा. गोष्ट कुठे संपावी, हे ठरवण्याचा हक्क लेखकाचाच असला पाहिजे.