सल्ल्याला हात असावेत

पर्वतीहून उंच न चढलेला पुणेकरही विमानातून उडी कशी मारावी, हे सांगू शकतो. शीतल महाजन पुण्याच्याच. आयुष्यातली पहिली पॅराशूट-उडी त्यांनी २००४ साली थेट उत्तर ध्रुवावर घेतली. २०१८ साली थायलंडात चक्क नऊवारी नेसून घेतली. आमच्या कट्ट्याला चिंता कसली? तर काष्ट्याची!

उडी मारणाऱ्यांच्या आपसांतल्या गप्पा निराळ्या. तिथला सल्ला म्हणजे, "थांब, पट्टा बघू!" सांगणारा तो स्वतः ओढून बघतो, मग आपलाही पुढे करतो. इथे जीव टांगलेला असतो ना! आमच्या सल्ल्यावर माझी टीका एवढीच, की त्याला हात नाहीत. नुसतं तोंड आहे. पॅराशूट वेळेवर उघडावं लागतं. हे तोंड मात्र माणूस सुखरूप उतरल्यावर उघडतं: "मी सांगितलं नव्हतं?"