मिक्सरवर बसलेला साथीदार

तबलजी हातानं खूण करतो: आवाज वाढवा. पेटीवाला तीच खूण करतो. मग गायक मॉनिटरकडे बोट दाखवतो. शास्त्रीय संगीताच्या अनेक मोठ्या मैफलींची पहिली दहा मिनिटं अशीच जातात. या खुणा ज्याला केलेल्या असतात, तो मंचावर नसतोच. श्रोत्यांच्या मागे मिक्सरपाशी बसलेला असतो.

माईक नव्हता तेव्हा बालगंधर्वांच्या पिढीला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावाच लागे. माईकनं ती सक्ती काढून घेतली आणि त्यातून गाणं खरोखर बदललं. अमीर खाँसाहेबांचा मंद्रातला संथ विस्तार मोठ्या सभागृहात टिकला, तो हा आधार होता म्हणून. संतूरचंही तसंच. शिवकुमार शर्मांनी १९५५ मध्ये मुंबईत ते रसिकांपुढे मांडलं. कलमांच्या हलक्या आघातातून उमटणारा त्याचा नाद हजार माणसांपर्यंत नुसत्या हवेतून पोचणं कठीणच होतं.

म्हणजे यंत्राला नाक मुरडायचं कारण नाही. तक्रार त्याच्या वापराबद्दल आहे. अलीकडे तबल्याच्या डग्ग्याचा घुमार असा फुगवलेला असतो की विलंबित ख्यालातही ठेकाच अंगावर येतो. शिवाय कॉम्प्रेसर. हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी करणं हेच त्याचं काम, आणि ख्यालाची गंमत तर नेमकी त्या अंतरात. गायकानं जीव ओतून नाजूक केलेली जागा आणि जोरकस तान सारख्याच उंचीवर ऐकू आल्या, तर ऐकणाऱ्यानं दाद कशाला द्यायची?

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं. बेंगळुरूच्या राज नारायण यांनी तो आणला, आता तर तो मोबाइलच्या ॲपमध्ये मावतो. एकट्यानं रियाझ करणाऱ्या, रेल्वेनं गावोगाव फिरणाऱ्या कलाकाराला त्याची किंमत विचारावी. पण मिरजेच्या ज्या तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते मंचावर मागे झंकारत असताना पुढ्यात तेच काम करणारा इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालू ठेवायचा, ही सवय अनाकलनीय आहे. जवारीतून सुटणारे स्वर त्या एकसुरी गुंजनात विरघळून जातात. (दोन्हींचा षड्ज जुळलेला असेल, हे गृहीत धरून.)

१९५३ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या हजारोंच्या मांडवात पडदे हवेतच. मागच्या रांगेतल्या माणसाला सारंगियाची बोटं दिसतात, हे छोटं सुख नव्हे. मात्र कुठे पाहायचं ते आता कॅमेरावाला ठरवतो, आणि पुष्कळदा सम येऊन गेल्यावर तबल्याकडे वळतो. टाळेबंदीतल्या ऑनलाइन मैफलींत तर समेवरची दादच गेली. कलाकार रिकाम्या खोलीत गायचे आणि वाहवा नंतर अक्षरांत उमटायची.

यावर उतारा म्हणून पुण्या-मुंबईत माईकविना छोट्या बैठका होतात. तिथं कान लवकर सरावतो, तबलाही आपोआप आवरतो. पण जेमतेम साठसत्तर श्रोत्यांत बिदागीचं गणित जुळत नाही, त्यामुळे मोठा मांडव आणि मिक्सर सुटणार नाहीत. निदान त्या खुर्चीवर राग ऐकलेला माणूस तरी बसावा. आज बहुतेक ठिकाणी तो मांडव-खुर्च्यांच्या कंत्राटाबरोबर येतो, तालमीला नसतो, आणि पत्रिकेत तानपुऱ्यावरच्या शिष्यांची नावं छापली जातात तिथं त्याचं नाव नसतं.