केव्हलारचे सामर्थ्य : रेणुदिशेच्या उपपत्तीची मर्यादा

द्रवस्फटिकी बहुवारिकांच्या सामर्थ्याचे श्रेय सामान्यतः रेणूंच्या समदिश मांडणीस दिले जाते. १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक यांना ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत आढळलेल्या गढूळ, पातळ द्रावणातूनच पुढे केव्हलार तंतूचा विकास झाला. ताठ रेणू द्रावणातच समांतर होतात आणि तंतू ओढताना त्याच्या अक्षास अनुसरतात, हे विवेचन ताणबळापुरते समाधानकारक आहे. मात्र तोच तंतू अक्षाच्या दिशेने दाबल्यास तुलनेने अल्प भारातच दुमडतो. कारण साखळीच्या लांबीत सहसंयुजी बंध असले, तरी शेजारच्या साखळ्यांमध्ये हायड्रोजन बंधांसारखी दुर्बळ बलेच असतात. क्रम-प्राचल हा दिशांचा केवळ सरासरी निर्देशांक होय. तंतुकांची रचना व त्यांतील दोष त्यात उमटत नाहीत. सारांश, सूक्ष्मरचनेचा विचार वगळून केवळ दिशेवरून केलेले सामर्थ्याचे मूल्यमापन एकांगी ठरते.