तोफांच्या कारखान्यातून ‘वीरधवल’पर्यंत

परदेशात संगणकावरचे खेळ रचणारे काहीजण पुढे अद्भुत कादंबऱ्या लिहू लागले, याचे आपल्याकडे कौतुक होते. वास्तविक एक जंगलाचा ठेकेदार आणि एक कारखान्यातील नोकर यांनी असा पालट शंभर वर्षांपूर्वीच केला आहे. ठेकेदार म्हणजे हिंदीतील देवकीनंदन खत्री, नोकर म्हणजे आपले नाथमाधव.

आमच्या सौंसर-रामाकोना भागात घरी मराठी, शाळेत हिंदी. १९९४ साली दूरदर्शनवर मालिका आली तेव्हापासून ‘चंद्रकांता’ हे नाव येथे घरोघरी झाले. ‘वीरधवल’ मात्र मराठी घरांतही कोणी काढीत नाही. ही उपेक्षा रास्त आहे काय?

द्वारकानाथ माधव पितळे (१८८२–१९२८) मुंबईस कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात नोकरीस होते. शिकारीस गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. अंथरुणावर वाचन वाढले, वाचनातून लेखन आले. १९०८ मध्ये ‘प्रेमवेडा’, १९१३ मध्ये ‘वीरधवल’.

हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहून मराठी कादंबरी माजघरात आणली होती. तिला नाथमाधवांनी पुन्हा ‘मुक्तामाले’च्या (१८६१) अद्भुतात नेऊन सोडले, असा आक्षेप घेता येतो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. अशा लेखनाला ‘पलायन’ म्हणून मोकळे होण्याची आपल्या समीक्षेला खोड आहे. ज्याला उंबरा ओलांडता येत नाही, त्याच्या नायकाने रानेवने तुडवली तर ते पलायनच का म्हणावे? अर्थात लेखकाच्या दुःखाचे गुण कादंबरीच्या पदरात घालता येत नाहीत.

कादंबरी म्हणूनच पाहायचे तर खत्री सरस ठरतात. चकिया-नौगढच्या जंगलांचा ठेका असताना पाहिलेले पडके किल्ले त्यांच्या तिलिस्मात उतरले. त्या तिलिस्माला नियम आहेत. कोणते दार कशाने उघडेल हे ठरलेले आहे, वाचकालाही डोके चालवावे लागते. यंत्रांच्या सहवासातून आलेल्या नाथमाधवांकडून खरे तर हीच अपेक्षा! पण त्यांच्याकडे कोडे सुटते ते बहुधा योगायोगाने. पात्रे एक तर पांढरी, नाही तर काळी. संवादांची भाषणे होतात. तरीही पुस्तक खाली ठेववत नाही. पुढच्या प्रकरणाची ओढ लावण्याची ही हातोटी पुढे शिवकालावरील त्यांच्या ‘स्वराज्य’मालेत कामी आली. तेथे इतिहासाने योगायोगाला थोडा लगाम घातला, म्हणून ती माला मला अधिक भक्कम वाटते.

मग आधी ‘वीरधवल’च का सुचवावे? ‘चंद्रकांता’ वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले, असे सांगतात. आमच्याकडची हिंदी शाळेतली मुले मराठी फडाफडा बोलतात, पण मराठी पुस्तक हाती घेत नाहीत. ‘ळ’ दिसला की अडखळतात. अशा आठवी-नववीच्या मुलाला अडखळतही पुढे रेटील असे पुस्तक हवे. भाषणे लांबली तर त्याने ती खुशाल गाळावीत.