चित्त्याची मागली वाट

दिव्यभानुसिंह यांचा ‘दि एंड ऑफ ए ट्रेल’ हा १९९५ सालचा इंग्रजी ग्रंथ आज पुनः वाचावासा वाटतो. १७ सप्टेंबर २०२२ रोजीं नामिबियांतून आठ चित्ते मध्यप्रदेशांतील कुनो येथें आणण्यांत आले. १९५२ मध्यें आपल्या देशांतून नामशेष ठरलेल्या या प्राण्याचा इतिहास ग्रंथकारानें तवारिखा, चित्रें व शिकारीच्या नोंदी धुंडाळून मोठ्या साक्षेपानें लिहिला आहे.

त्यांतील विदारक गोष्ट अशी कीं, चित्त्याचा घात बंदुकीइतकाच राजांच्या कौतुकानें केला. अकबराच्या पदरीं हजार चित्ते होते, असें जहांगीर सांगतो. परंतु बंदींत त्यांची वीण होत नसे. पिलें झाल्याचा एक प्रसंग जहांगिरानें नवल म्हणून नोंदविला. त्यामुळें नवा चित्ता रानांतूनच धरावा लागे. अखेरीस कोल्हापूरसारख्या संस्थानांना तो आफ्रिकेंतून मागवावा लागला.

साधनें बहुतांशीं दरबारी असल्यामुळें धनगराचा व कुणब्याचा आवाज येथें क्षीण आहे, हें मात्र वैगुण्य होय. आमच्या परभणीकडे हरणांचे कळप अद्याप पिकांत शिरतात. दख्खनच्या माळावरील त्यांचा जुना शिकारी केवळ शब्दांत उरला. तो शब्दही आम्हीं बिबट्याला देऊन टाकला, आणि माळाला ‘पडीक’ म्हणूं लागलों. माळ राखल्यावांचून चित्ता आणणें म्हणजे पुनः दरबारी हौसच ठरेल. कुनोच्या प्रयोगाविषयीं मत देऊं इच्छिणाऱ्यानें हा ग्रंथ आधीं अवश्य वाचावा.