‘नसीम’ : स्मृतीचा आधार आणि तिची मर्यादा

डिसेंबर १९९२वर चित्रपट काढायचा म्हटले की दंगल, जाळपोळ, आक्रोश दाखविण्याचा मोह कोणत्याही दिग्दर्शकाला पडला असता. सईद अख्तर मिर्झा यांनी ‘नसीम’मध्ये (१९९५) तो मोह कटाक्षाने टाळला आहे. काळ जून ते डिसेंबर १९९२. स्थळ मुंबईतील एका मध्यमवर्गीय मुस्लिम कुटुंबाचे घर. अंथरुणाला खिळलेले आजोबा शाळकरी नातीला, नसीमला, स्वातंत्र्यपूर्व आग्र्याच्या गोष्टी सांगतात. त्याच घरात दूरदर्शनवरून अयोध्येच्या बातम्या येत राहतात. रूढ अर्थाने ज्याला कथानक म्हणावे, असे येथे फारसे नाहीच.

तरीही चित्रपट घट्ट बांधलेला आहे, कारण त्यात भूतकाळाचे दोन आवाज समोरासमोर उभे आहेत. पडद्यावरच्या बातम्यांतला भूतकाळ हिशेब मागतो. आजोबांचा भूतकाळ काहीच मागत नाही. फक्त ऐकणारा हवा असतो. नसीम ती ऐकणारी आहे.

चित्रपटाचे मर्म एका छोट्या प्रसंगात आहे. फाळणीच्या वेळी आपण पाकिस्तानात का गेलो नाही, असे मुलगा विचारतो. आजोबा विचारसरणीचा दाखला देत नाहीत. आग्र्याच्या घरासमोरचे एक झाड घरच्यांना, विशेषतः पत्नीला, फार आवडत होते, एवढेच ते सांगतात. ऐकताना हसू येते आणि मग ते घशात अडकते. ज्यांच्याकडे वारंवार निष्ठेचा पुरावा मागितला जातो, त्यांच्या वतीने दिलेले हे उत्तर पुरावाच नाकारते. मायभूमीशी असलेले नाते प्रेमाचे आहे आणि प्रेमाला कागद लागत नाही.

आजोबांच्या भूमिकेसाठी कैफी आझमी यांची निवड अर्थपूर्ण ठरते. ते व्यवसायाने नट नव्हेत, शायर. त्यामुळे त्यांच्या तोंडची उर्दू संवाद म्हणून येत नाही, घरची बोली म्हणून येते. एम. एस. सथ्यू यांच्या ‘गर्म हवा’च्या लेखनातही कैफींचा वाटा होता. त्या चित्रपटाचे आग्रा जावे की राहावे या पेचात सापडलेले होते. ‘नसीम’मधले आग्रा राहिलेल्या माणसाच्या आठवणीतले आहे. दोन्ही चित्रपट एकत्र पाहिले असता अर्धशतकाचा एक सलग प्रवास दिसतो.

चित्रपटात उणिवा नाहीत असे नाही. आठवणीतले आग्रा अतिशय स्वच्छ, जवळजवळ निष्कलंक आहे. त्यातल्या आपसातल्या तेढीला फारशी जागा नाही. नसीमच्या भावाचा मित्र जफर (के के मेनन) संतापाने जे प्रश्न टाकतो, त्यांना आजोबांच्या गोष्टींत उत्तर मिळत नाही. मात्र मिर्झा ते उत्तर ओढूनताणून आणतही नाहीत. ६ डिसेंबरलाच आजोबांचे निधन होते. गोष्टी सांगणारा जातो आणि गोष्टींनी जे जपले होते तेही त्याच दिवशी कोसळते. स्मृती माणसाला धीर देते, संरक्षण देत नाही, हे चित्रपट निर्भीडपणे मान्य करतो.

दिग्दर्शनासाठी मिर्झा यांना, तर पटकथेसाठी मिर्झा व अशोक मिश्रा यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आज वर्गात बसणारे विद्यार्थी १९९२नंतर जन्मलेले आहेत. त्यांच्यासाठी तो डिसेंबर ऐकीव आहे. तो त्यांनी कोणाच्या तोंडून ऐकायचा, हा प्रश्न ‘नसीम’ शिक्षकांपुढे ठेवतो.