गोधडीचे नमुने आणि मायेचे गणित

अमेरिकेतील ‘कॅन्सास सिटी स्टार’ या वर्तमानपत्राने १९२८ ते १९६१ या काळात गोधडीचे हजाराहून अधिक नमुने छापले. गोधडीतील एका चौरसाची आकृती, तुकड्यांचे साचे आणि चार ओळींची माहिती, एवढाच मजकूर. असे चौरस जोडत गेले की गोधडी पुरी. पहिला नमुना, ‘पाइन ट्री’, रूबी शॉर्ट मॅक्किम यांचा. पुढे वाचक स्त्रियाही स्वतःचे नमुने धाडू लागल्या व ते त्यांच्या नावानिशी छापून येऊ लागले.

भूमितीचे साहित्य म्हणून हे नमुने आम्हांला फार मोलाचे वाटतात. ‘ओहायो स्टार’ घ्या. चौरसाचे ९ समान भाग करायचे. चार कोपरे व मधला भाग अखंड ठेवायचा, उरलेल्या चार भागांना दोन्ही कर्ण काढायचे. आकार दोनच, पण सममितीचे अक्ष चार! उलट ‘पिनव्हील’ची भिंगरी ९० अंशांतून फिरवली की स्वतःशी जुळते, आरशात मात्र उलटी दिसते. हा फरक व्याख्या पाठ करून इतका स्पष्ट होत नाही.

आमची तक्रार एकच आहे. ‘शिवणीसाठी माया सोडा’ असे सांगून सूचना बहुधा थांबते. किती आणि का, हे कळत नाही. वास्तविक खरे गणित तेथेच आहे.

शिवून १० सें.मी.चा चौरस हवा असेल आणि माया १ सें.मी. असेल, तर कापड १२ सें.मी.चे कापावे लागते. समद्विभुज काटकोन त्रिकोणाच्या १० सें.मी.च्या बाजूंनाही आम्ही २ सें.मी.च वाढवले, आणि तुकडा जवळजवळ दीड सें.मी.ने तोकडा पडला! कारण माया कर्णालाही लागते. काटकोनाकडे बाजू १ सें.मी. वाढते, पण ४५ अंशांच्या टोकाकडे १+√२ सें.मी. वाढते. म्हणजे एकूण सुमारे ३.४ सें.मी.

नमुने धाडणाऱ्या बायकांचे त्रिकोण नेमके जुळत होते, मग त्यांनी √२ चे नाव ऐकलेले असो वा नसो. या कौशल्याला ‘हस्तकला’ म्हणून बाजूला ठेवले, तर गणिताचेच नुकसान होते. शिक्षकांनी एका तासाला कागद, कात्री व पट्टी घेऊन हा त्रिकोण मुलांकडून कापून घ्यावा. मात्र उत्तर आधी सांगू नये. एकदा तुकडा तोकडा पडू द्यावा.